"मी गूगल करतो": सांगलीत घडणाऱ्या तपासाच्या खेळात नेटवर काय सापडू द्यायचं

टेबलटॉप रोलप्लेइंगमधला (टेबलाभोवती बसून प्रत्येकाने एकेक कॅरेक्टर वठवायचं, असा गोष्टीचा आणि फाशांचा खेळ) तपास आजच्या काळातला असला की पाच मिनिटं होत नाहीत तोच कुणीतरी म्हणतं, "मी गूगल करतो." किल्ल्यातल्या भुयारात हा प्रश्न येत नाही. पण गोष्ट सांगलीच्या मार्केट यार्डात घडत असेल तर प्रत्येक कॅरेक्टरच्या खिशात फोन असतो, आणि स्क्रीनवर काय दिसलं ते जीएमला (गेममास्टर, म्हणजे गोष्ट चालवणारा) तिथल्या तिथे सांगावं लागतं. गडबडीत दोनच उत्तरं सुचतात: "काही सापडत नाही," नाहीतर "रोल कर," म्हणजे फासा टाक. पहिल्या उत्तराने खेळाडू हिरमुसतात, कारण एरवी त्यांना फोनवर सगळं सापडत असतं. दुसऱ्यात वीस बाजूंच्या फाशावर वीस पडले की अख्खं रहस्य टेबलावर येतं आणि एक पडला की तपास जागीच बसतो.

माहिती नेटवर आहे की नाही, हे फाशाने ठरवूच नका. कुणीतरी, कधीतरी, स्वतःच्या कामापोटी ती तिथे टाकलेली असते किंवा नसते, आणि हे खेळाआधीच ठरवता येतं. फाशाकडे एवढंच ठेवा: किती वेळ गेला, जास्तीचं काही हाती लागलं का, आणि शोधणाऱ्याचा माग कुणाला लागला का.

उदाहरणासाठी एक काल्पनिक प्रकरण घेऊ. मार्केट यार्डातले हळदीचे अडते बापू आठ दिवस बेपत्ता आहेत. हरिपूरच्या एका पेवात, हळदीच्या पोत्यांखाली, त्यांनी काही कागद लपवलेत. (पेव म्हणजे जमिनीत खोदलेलं, वर अरुंद तोंड आणि खाली फुगत गेलेलं कोठार. हरिपूर त्यासाठीच प्रसिद्ध आहे.) शोध घेणारे तिघं: एक वकीलबाई, एक निवृत्त तलाठी आणि इंजिनिअरिंगचा एक विद्यार्थी.

पहिली पायरी: साल पक्कं करा

"आजकाल" असं मोघम ठेवू नका. साल बदललं की नेट बदलतं. सांगलीत २००५ चा पूर आणि २०१९ चा पूर ताडून बघा. २००५ मध्ये घरी इंटरनेट मोजक्यांकडे होतं, बाकीचे सायबर कॅफेत जायचे. मराठी वर्तमानपत्रांच्या साइट्स बऱ्याचदा आपापल्या फाँटमध्ये असायच्या, युनिकोडमध्ये नव्हे. त्यामुळे तो मजकूर आज देवनागरीत शब्द टाकून शोधला तर सहसा हाती लागत नाही. ई-पेपरचंही तेच. पान म्हणजे चित्र, त्यातली अक्षरं सर्चला दिसतीलच असं नाही. म्हणून २००५ ची गल्लीतली बातमी हवी असेल तर कागदी फाइल चाळायला लावा. ती फाइल शिल्लक असेलच असंही नाही. २०१९ च्या पुरात सांगलीच्या नगर वाचनालयातल्या पुस्तकांचं मोठं नुकसान झालं. क्लू गायब व्हायला याहून पटणारं कारण शोधून सापडणार नाही.

२०१९ चं चित्र उलटं. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि पुराचे व्हिडिओ घराघरांतून निघाले. आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. त्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. त्या आठवड्यात बापूंच्या गोदामासमोरून नाव गेली असेल तर तो व्हिडिओ कुणाच्या ना कुणाच्या फेसबुकवर आहे, असंच धरून चाला. तिथे माहिती मिळायची अडचण नाही. दोनशे व्हिडिओंतून नेमका कुठला बघायचा, ही अडचण.

दुसरी पायरी: खऱ्या गोष्टींची यादी आणि चार प्रश्न

प्रकरणातल्या खऱ्या गोष्टी एका कागदावर उतरवा. आठ ते बारा पुरतात. वीस झाल्या तर प्रकरण पसरलंय, छाटा. मग प्रत्येकीला चार प्रश्न विचारा. हे कुणाला माहीत आहे? कुठे लिहिलं गेलंय का? लिहिलेलं नेटवर गेलंय का? आणि ते कुणाला उघडता येतं?

उत्तरांवरून प्रत्येक गोष्ट एका थरात बसते. उघडा थर: नाव टाकलं की दिसतं. खोदायचा थर: नेटवर आहे, पण नेमकी साइट, नेमकं गाव, नेमकं स्पेलिंग लागतं. दारामागचा थर: लॉगिन, फी, ऑफिस किंवा ओळख हवी. आणि चौथं, नेटबाहेरचं: ते फक्त माणसांच्या डोक्यात किंवा वहीत.

आपल्या प्रकरणात पेवात उतरायची पद्धत उघड्या थरात आहे. पेव बंद असताना आत प्राणवायू उरत नाही, म्हणून तोंड उघडून काही तास ठेवतात आणि कंदील सोडून बघतात, हे लेखांत आणि व्हिडिओंत आलेलं आहे. बापूंच्या पेढीची जीएसटी नोंदणी खोदायच्या थरात. बँक खात्यातली उलाढाल दारामागे, आणि ते दार पोलिसांशिवाय उघडत नाही. कुठल्या पेवात कुणाची पोती आहेत, हे मात्र फक्त बापूंच्या हुंडेकऱ्याच्या (मालाची ने-आण करणाऱ्याच्या) वहीत आहे.

यादी झाली की थर मोजा. सगळ्या महत्त्वाच्या गोष्टी चौथ्या थरात असतील तर फोनवाल्या खेळाडूला काही कामच उरत नाही. सगळ्या पहिल्या थरात असतील तर हरिपूरला जायची गरज नाही. साधारण तिसरा हिस्सा नेटवर मिळावा आणि तिथून पुढचं बोट एखाद्या माणसाकडे किंवा जागेकडे जावं. नेटवर नाव मिळतं. ते नाव तिथे का आलं, हे गावात जाऊन विचारावं लागतं.

तिसरी पायरी: कुठल्या साइटवर काय दिसतं

इथे जीएमचा अभ्यास दिसतो, कारण टेबलावर कुणीतरी हे स्वतः वापरलेलं असतंच.

सातबारा महाभूलेखवर बघता येतो. जिल्हा, तालुका, गाव निवडून गट नंबराने किंवा नावाने शोधायचं. नुसतं बघायला पैसे लागत नाहीत. डिजिटल सहीचा उतारा १५ रुपयांत मिळतो. त्यात खातेदारांची नावं, क्षेत्र, पीकपाणी, फेरफार क्रमांक आणि "इतर हक्क" हा रकाना असतो. सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा तिथेच दिसतो, म्हणजे कर्जाचा क्लू तिथे ठेवा. पण गाव माहीत हवं. सांगलीबाहेरचं कॅरेक्टर यादीत "सांगली तालुका" शोधत बसेल. जिल्ह्याच्या दहा तालुक्यांत तो नाहीच, शहर मिरज तालुक्यात येतं. निवृत्त तलाठी टेबलावर असेल तर हे त्याला आपसूक माहीत, रोल नको. शहरातल्या सिटी सर्व्हेच्या जागेला सातबारा नसतो, मालमत्ता पत्रक असतं, हेही त्यालाच सांगू द्या. अशा वेळी त्या खेळाडूची कॉलर ताठ होते, आणि व्हायलाच हवी.

खरेदीखताची माहिती नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर सूची क्रमांक २ मध्ये असते: देणारा, घेणारा, मोबदला, तारीख. जुन्या दस्तासाठी दुय्यम निबंधक कार्यालयाची पायरी चढावी लागते.

कोर्टाचे खटले ई-कोर्ट्सवर पक्षकाराच्या नावाने शोधता येतात. पण नावं बहुधा इंग्रजी स्पेलिंगमध्ये असतात. एकाच चौगुल्यांची तीन-चार स्पेलिंगं निघतात. चुकीचं स्पेलिंग म्हणजे "नोंद नाही", आणि खेळाडू समजतात की खटलाच नाही. हा चकवा एकदाच वापरा, आणि वकीलबाईंना तो ओळखायची संधी द्या.

एफआयआर संकेतस्थळावर टाकावा, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१६ चा आदेश आहे. संवेदनशील गुन्हे वगळून. म्हणजे बापू हरवल्याची साधी नोंद दिसेलच असं नाही, पण दोन वर्षांपूर्वीचा फसवणुकीचा गुन्हा पोलीस ठाणं आणि तारखा टाकून सापडू शकतो. लैंगिक अत्याचाराच्या गुन्ह्यावर तुमचा प्लॉट उभा असेल तर तो एफआयआर नेटवर दाखवू नका. तो तिथे नसतो.

गाडीचा नंबर टाकला की गाडीचा प्रकार, इंधन, नोंदणीची तारीख, विम्याची मुदत दिसते. मालकाच्या नावातली बरीच अक्षरं झाकलेली असतात. तरी एमएच-१० सांगली, एमएच-११ सातारा, एमएच-५० कराड, एमएच-०९ कोल्हापूर एवढं कुठल्याही शाळकरी पोराला कळतं. हरिपूरला रात्री उभी असलेली गाडी एमएच-५० ची होती, इतकाही क्लू पुरतो.

मोबाइल नंबर हातात आला की सगळ्यात सोपा उपाय म्हणजे यूपीआय. पैसे पाठवायच्या स्क्रीनवर नंबर टाकला की बँकेतलं नाव दिसतं. ट्रूकॉलरचं नाव लोकांनी सेव्ह केलेलं असतं, त्यामुळे तिथे "बापू हळद नवीन" असंही येतं. एक कायद्याचं नाव, एक लोकांनी ठेवलेलं. दोन्ही वेगळी आली की खेळाडू लगेच कान टवकारतात. कॉल रेकॉर्ड मात्र कुठल्याही साइटवर मिळत नाही. तो पोलिसांचा विषय, आणि ओळखीने मिळवला तर त्याची किंमत खेळात मोजायला लावा.

फोटोवरून लोकेशन काढणारा खेळाडू हमखास भेटतो. व्हॉट्सअॅपवर नेहमीसारखा आलेला फोटो असेल तर आतली माहिती निघून गेलेली असते. डॉक्युमेंट म्हणून पाठवला असेल, आणि काढताना कॅमेऱ्याचं लोकेशन चालू असेल, तरच ती मिळते. क्लू द्यायचाच असेल तर फोटो डॉक्युमेंट म्हणून आला, असं आधीच लिहून ठेवा.

एआय चॅटबॉटला विचारलं तर? तो चौकात बसलेल्या, सगळ्यातलं सगळं सांगणाऱ्या माणसासारखा चालवा. हळदीच्या पेवांबद्दल तो ठीकठाक सांगेल, बापूंबद्दल तितक्याच ठामपणे चुकीचं. खेळाडूंना पडताळायला भाग पाडा, पण मुद्दाम फसवू नका.

एक क्लू जवळून: पावती

बापूंच्या गल्ल्यात एक पावती सापडते. हळदीच्या डागाने अर्धा जीएसटी क्रमांक गेलाय. उरलेल्या भागातून काय निघतं? हा क्रमांक १५ अक्षरांचा. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचा २७. पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. पॅनचं चौथं अक्षर मालक कोण ते सांगतं: पी म्हणजे व्यक्ती, एफ म्हणजे भागीदारी पेढी, सी म्हणजे कंपनी, एच म्हणजे हिंदू अविभक्त कुटुंब. म्हणून जीएसटी क्रमांकाचं सहावं अक्षर बघायचं.

बापू सगळ्यांना सांगत आलेत की पेढी आपली एकट्याची. पावतीवर सहावं अक्षर एफ आहे. म्हणजे कुठेतरी भागीदार आहे.

हा क्लू पुढे वाढवता येतो. पूर्ण क्रमांक मिळाला (मार्केट यार्डातल्या कुठल्याही जुन्या ग्राहकाकडे दुसरी पावती असेल) तर जीएसटी पोर्टलवर कायदेशीर नाव, दुकानाचं नाव, नोंदणीची तारीख आणि नोंदणी चालू आहे की रद्द, हे दिसतं. जीएसटी १ जुलै २०१७ पासून आला, त्यामुळे त्याआधीच्या व्यवहाराची पावती म्हणून कुणी हा क्रमांक असलेला कागद पुढे केला तर तो नंतर बनवलेला आहे. बनावट कागद पकडायला खेळाडूंना एवढं पुरतं.

चौथी पायरी: शोधाचा वेळ

"सर्च" हे एक काम समजू नका. चार मापं ठेवा. दहा मिनिटं: नाव, नंबर, नकाशा. एक तास: एक साइट नीट चाळणं. एक संध्याकाळ: तीन-चार साइट्स ताडून बघणं, जुने व्हिडिओ पाहणं. एक ऑफिसचा दिवस: अर्ज, रांग, जेवणाची सुट्टी, "साहेब मीटिंगमध्ये आहेत."

वेळाला किंमत यावी म्हणून कागदावर एक घड्याळ हवं. आपल्या प्रकरणात: तिसऱ्या संध्याकाळी भागीदाराची माणसं हरिपूरला पोचतात. खेळाडूंना ते माहीत नसलं तरी चालेल, पण पहिल्या संध्याकाळीच तशी चाहूल द्या. नाहीतर ते आरामात चार दिवस स्क्रीनसमोर बसतात, आणि बसतातच.

सर्व्हर डाऊन, ओटीपी न येणं, कॅप्चा न उमटणं, हे सगळं खरंच होतं. पण एका सेशनमध्ये एकदाच. दुसऱ्यांदा सर्व्हर डाऊन झाला की खेळाडूंना कळतं, जीएमची तयारी नाही.

पाचवी पायरी: फासा कधी आणि कशासाठी

ज्या क्लूशिवाय पुढचा प्रसंग उघडत नाही, तो रोलमागे ठेवायचा नाही. योग्य ठिकाणी शोधलं की तो मिळाला. रोल फक्त त्याहून जास्तीच्या गोष्टींसाठी.

वीस बाजूंच्या फाशाच्या खेळात उघड्या थरासाठी रोल नको, खोदायच्या थराला किमान १२ ते १५ पडायला हवेत, आणि दारामागचं नेटवरून मिळवायचं असेल तर १८ च्या पुढे. टक्केवारीच्या खेळात (जिथे शंभरातला आकडा कॅरेक्टरच्या कौशल्याइतका किंवा त्याखाली पडावा लागतो) खोदायच्या थराला पूर्ण कौशल्य, ताडून बघायला अर्धं, अवघड कामाला पाचवा हिस्सा. जमलं तर वेळ एका मापाने कमी होतो किंवा एक जास्तीची गोष्ट कळते. नाही जमलं तरी मूळ क्लू द्यायचा, पण किंमत घेऊन.

किंमत कुठली घ्यायची, यात खरी मजा आहे. वेळ एका मापाने वाढवणं ही सगळ्यात साधी. दुसरी, एकाच नावाची दोन माणसं: तासगावचा बेदाण्याचा व्यापारी आणि आपले बापू, खेळाडूंना दोघांचं हाती येतं आणि कोण कुठला हे फोन करून ठरवावं लागतं. तिसरी, माग. विद्यार्थ्याने मार्केट यार्डाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर "बापूंची पेढी कुणाला माहीत आहे का" विचारलं, आणि त्या ग्रुपवर भागीदाराचा पुतण्या आहे. यूपीआयवर नाव बघता बघता चुकून एक रुपया गेला, तर समोरच्याकडे विद्यार्थ्याचं नाव पोचलं. सार्वजनिक साइट नुसती बघितली तर समोरच्याला काही कळत नाही. माग तेव्हाच ठेवा, जेव्हा कॅरेक्टरने कुणाला तरी काही पाठवलं किंवा विचारलं. हा नियम खेळाडूंना आधी सांगून टाका. मग ते विचार करून धोका पत्करतात आणि नंतर भांडत नाहीत.

सहावी पायरी: टेबलावर कसं चालवायचं

"गूगल करतो" म्हटल्यावर तीन गोष्टी विचारा: कशाबद्दल, कुठे आणि किती वेळ. खेळाडूची परीक्षा घेऊ नका. पोर्टलचं नाव त्याला माहीत नसलं तरी कॅरेक्टरला माहीत असू शकतं.

"बापूंचं नाव टाकतो."
"किती वेळ बसणार?"
"दहा मिनिटं. आमचा चहा येईपर्यंत."
"दुकानाचं मॅप्सवरचं पान. चार रिव्ह्यू. तीन 'छान माल'. चौथा गेल्या महिन्यातला: 'पैसे मागायला गेलं की दुसऱ्याकडे बोट दाखवतात.' लिहिणाऱ्याचं नाव आहे, फोटो नाही."
"दुसऱ्याकडे म्हणजे कुणाकडे?"
"ते लिहिलेलं नाही. पण माणूस कवठेमहांकाळचा दिसतोय, बाकीचे रिव्ह्यू तिकडच्या हॉटेलांचे आहेत."

उत्तर चार-पाच ओळींचं ठेवा. त्यात एक कामाची गोष्ट, एक निरुपयोगी पण खरी वाटणारी, आणि एक पुढे कुणाकडे जायचं ते सांगणारी. निव्वळ कामाचं दिलं तर खेळाडू यादी वाचतात. निव्वळ कचरा दिला तर पुन्हा सर्च करत नाहीत. "काही सापडलं नाही" म्हणायची वेळ आलीच तर न सापडण्यातही काहीतरी सांगा: "या नावाने एकही फोटो नाही. पन्नाशीच्या व्यापाऱ्याचा वाढदिवसाचा बॅनरसुद्धा फेसबुकवर नाही." सांगलीत हे संशयास्पद आहे.

सातबारा, पावती, रिव्ह्यू असे दोन-तीन कागद आधी छापून ठेवा. सगळे छापू नका; जे छापलंय तेच महत्त्वाचं, असं खेळाडू लगेच ताडतात. त्यामुळे एखादा बिनकामाचा कागदही छापा.

खेळाडूंचे खरे फोन आणि खरी माणसं

खेळ चालू असताना कुणी खरंच फोन काढून हरिपूर शोधलं तर? भूगोलाला परवानगी द्या: रस्ते, अंतरं, घाट, कृष्णा-वारणेचा संगम. माणसं, पेढ्या आणि गट नंबर यांना नाही. ते सगळं तुमच्या कागदावरचं.

खऱ्या माणसाचा सातबारा, खरा गाडी नंबर, खऱ्या व्यापाऱ्याचं नाव प्रॉप म्हणून वापरू नका. सांगली मोठी नाही. टेबलावरच्या कुणाचा तरी तो मावसभाऊ निघतो. खोटा मोबाइल नंबर हवा असेल तर २ ते ५ मधल्या अंकाने सुरू करा. आपल्याकडचे मोबाइल नंबर ६ ते ९ ने सुरू होतात, त्यामुळे तो कुणाचाच मोबाइल नंबर निघणार नाही. गाडीच्या नंबरात आय किंवा ओ हे इंग्रजी अक्षर घाला. आपल्या मालिकांत ती वापरत नाहीत. गट नंबर गावात असूच शकणार नाही इतका मोठा घ्या. जीएसटी क्रमांक अर्धाच दिसू द्या, हळदीचा डाग त्यासाठीच आहे.

सेशन संपल्यावर पाच मिनिटं काढून यादीवर खुणा करा: काय सापडलं, कुणाला विचारल्याने माग राहिला, घड्याळ किती पुढे सरकलं. पुढच्या वेळी भागीदाराने पहिलं काम कुठलं केलं असेल, ते त्या खुणांवरून ठरतं. ग्रुपवरचा मेसेज त्याने वाचला असेल तर मॅप्सवरचा चौथा रिव्ह्यू आता तिथे नसेल. विद्यार्थ्याने स्क्रीनशॉट काढला होता का, हे मात्र पुढच्या वेळी विचारू नका. रिव्ह्यू वाचला त्याच वेळी विचारून लिहून ठेवा, कारण नंतर सगळेच "हो, काढला होता" म्हणतात.